तिसरी हाक

कूलरच्या ताट्या बदलायला घेतल्या की माझं डोकं फिरतं. होळी होऊन आठवडा गेला आणि हुडकेश्वरच्या आमच्या गच्चीवरचं सिमेंट चटके द्यायला लागलं की सुधा, म्हणजे माझी बायको, मला जिन्याखालचा कूलर काढायला लावते. काळी पडलेली, हात लावताच भुगा होणारी जुनी ताटी ओढून काढायची, नवी खस भरायची, पाणी सोडायचं आणि पहिला गार झोत आला की घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. अख्ख्या नागपूरचा उन्हाळा या वासाने सुरू होतो. माझाही व्हायचा. आता त्या ओल्या गवताच्या वासामागून मोहफुलांचा गोडसर वास येतो आणि त्याच्याही मागून रक्ताचा येतो. घरात मोहफूल नसतं, रक्तही नसतं. तरी येतो.

यंदा ताटी अर्धी बसली होती तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे साडू, श्रीकांतराव. "प्रभाकरराव, मे महिन्यात येतोय आम्ही. लेक-जावईही आहेत. वाघाचं जमवून ठेवा राव. आणि त्या वेळेसारखं अर्धवट नको."

त्या वेळेसारखं अर्धवट! माझ्या हातात पेचकस होता. तो भिंतीवर असा आदळला की पोपडा उडाला. फोन मी बंदच करून टाकला. सुधा स्टूल धरून उभी होती, म्हणाली, "काहून हो असं तोडलं बोलणं? काय म्हणतील ते?"

"म्हणू दे," मी म्हणालो. तिला तरी मी कुठे सगळं सांगितलं होतं?

साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. भाऊ नाही, मित्र नाही, धड परकाही नाही. एकाच सासऱ्याचे दोन जावई आणि दोघांत मानाचा पाट एक. श्रीकांतराव नागपूरला आले की पहिल्या दिवशी उन्हाला नावं ठेवत, दुसऱ्या दिवशी रश्श्याच्या तिखटाला, तिसऱ्या दिवशी आमच्या बोलण्याला. पुण्यात सगळं आहे. हवा आहे, शुद्ध भाषा आहे, दुपारची झोप आहे. पण वाघ? वाघ पुण्याच्या बापाच्याने होत नाही. म्हणून आम्ही नागपूरकर पाहुण्याला कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घालतो, रामटेकच्या पायऱ्या चढवतो आणि शेवटी वाघ दाखवतो. जणू वाघ आमच्या आजोबांनी पाळून ठेवला आहे. नाही दिसला तर आमचंच नाक कापलं जातं, आणि दिसला की आम्ही मिशीला पीळ भरतो.

मी काही जंगलाचा माणूस नाही, हे आधीच सांगतो. लकडगंजात आमची लाकडाची वखार आहे. वडिलांनी चालवली, आता मी चालवतो. साग, बिजा, हलदू, सगळी झाडं मला ओळखू येतात, पण आडवी पडलेली. उभं झाड पाहिलं की आधी त्याचा घेर दिसतो. अशा माणसाने जंगलप्रेमाच्या गप्पा मारू नयेत. मी मारायचो. गेटावरचे ड्रायव्हर मला नावानिशी ओळखतात, कुठल्या नाल्यात कुठली वाघीण बसते ते मला ठाऊक आहे, अशा बढाया मी वीस वर्षं मारल्या.

या जंगलाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की लोक तिथलं आरक्षण शोधायला लागतील.

एकदा काय पाहिलं ते सांगतो. रानकुत्र्यांनी चितळाच्या एका मादीला पाणवठ्यात गाठलं होतं. ती गुडघाभर पाण्यात उभी आणि ते मागून तिला खात होते. ती पडली नव्हती. उभी होती, कान हलवत होती, आणि तिचं पोट फाडून आतलं पिल्लू त्यांनी ओढून काढलं. पाणी लाल झालं. आमच्या गाडीतल्या पाहुण्या बाईंनी तोंडावर हात घेतले आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं. मागच्या गाडीत कोणी तरी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर आम्ही चहा प्यायलो, गरम कचोरी खाल्ली, आणि "आज नशीब जोरावर होतं" असं मीच म्हणालो. दुसऱ्या एका वर्षी रानगव्याने आमच्या गाडीवर चाल केली. शिंग बंपरात घुसलं, गाडी हातभर उचलली गेली, ड्रायव्हरने ओरडत मागे घेतली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण आठवड्याभराने तीच गोष्ट मी वखारीत हातवारे करून सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी तो गवा थोडा मोठा होत होता.

गेटावर पाटी आहे. गाडीतून उतरू नका, हात बाहेर काढू नका, आवाज करू नका, वन्यप्राण्यांपासून जिवाला धोका संभवतो. पाहुण्यांपासून कोणाच्या जिवाला धोका संभवतो, याची पाटी मात्र कुठे पाहिली नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम मोहफुलांचा होता. पळस संपत आलेला, सागाची पानं झडलेली, आणि सकाळी गेटातून आत शिरलं की तो जड गोड वास नाकात बसायचा. जरा वेळाने डोकं हलकं व्हायचं. मोहाचं फूल खुडावं लागत नाही, ते आपणच पहाटे गळतं. मोत्यासारखं म्हणतात, पण हातात घेतलं तर ते लहान बाळाच्या कानाच्या पाळीसारखं मऊ आणि गुबगुबीत लागतं. ते वेचायला जंगलाला लागून असलेल्या बफर पट्ट्यातल्या गावच्या बाया तांबडं फुटताना येतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा काळी करून ठेवतात, म्हणजे पांढरं फूल नजरेत भरतं. एकेका घराचं एकेक झाड ठरलेलं, सासूकडून सुनेकडे येणारं. बाई कमरेत वाकते ती टोपलं भरेपर्यंत वाकलेलीच असते.

त्या सकाळी गाडीत आम्ही चौघं होतो. मी, श्रीकांतराव, ड्रायव्हर नंदू आणि आमची गाइड मंगला. मंगला त्याच गावची सून, तिशीची, खाकी शर्ट, कपाळावर मोठी टिकली, आवाज खणखणीत. नवऱ्याशी भांडून तिने गाइडचं शिक्षण घेतलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. श्रीकांतरावांच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा होता. आधीच्या दोन फेऱ्या वाया गेल्या होत्या, मोर आणि भेकर यांच्यावर भागवावं लागलं होतं. "तुमचा वाघ सुट्टीवर गेलाय वाटतं," असं ते आदल्या संध्याकाळपासून चार वेळा म्हणाले होते. मला चारही वेळा लागलं होतं.

रस्त्याच्या उजव्या हाताला पाच मोहाची झाडं, प्रत्येकाखाली एक बाई. धूर जमिनीलगत साचलेला. आणि हाका चालू होत्या. पहिल्या झाडाखालून एक हाक आली, "होऽऽ". लगेच दुसऱ्या झाडाखालून "होऽऽ". मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून.

"हे काय?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"पाळीची हाक आहे, सर," मंगला म्हणाली. "वाकलेलं माणूस वाघाले चितळासारखंच दिसते ना. आवाज आयकला का त्याले समजते, हे माणूस आहे. थो बाजूनं निंघून जाते. आन आमालेबी समजते, की बाजूवाली जित्ती आहे." मग तिसऱ्या झाडाकडे बोट करून हसली. "थे माही सासू. पार्बताबाई. बुढीची हाक सगळ्यात मोठी. घरातबी तशीच."

पार्बताबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि सुनेला पाहून हात हलवला. नऊवारीचा काचा मारलेला, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. मी तिला एवढंच पाहिलं. पुढे जे पाहिलं त्याला तिला पाहणं म्हणता येणार नाही.

डावीकडच्या नाल्यात वानर खोकलं. मग चितळ ओरडलं. नंदूने गाडी बंद केली. मागून एक, समोरून दोन, अशा सहा गाड्या पाच मिनिटांत गोळा झाल्या. आणि बांबूच्या मागे वाघीण दिसली. बसलेली होती, फक्त डोकं आणि एक खांदा. तिला रस्ता ओलांडून पलीकडे, मोहाच्या झाडांच्याही पुढे असलेल्या पाणवठ्यावर जायचं होतं. ती उठायची, दोन पावलं यायची, आणि उजवीकडून "होऽऽ" आलं की पुन्हा बसायची.

"थे येणार नाही आता," मंगला हळूच म्हणाली. "गाड्या मांगं घ्याले सांगते मी. वरच्या अंगानं जाईन थे, बायांले सोडून."

"म्हणजे दिसणार नाही?" श्रीकांतराव कुजबुजले. भिंगात तिचा नुसता कान येत होता. "राहू द्या मग. नागपूरच्या वाघाचा कान पाहिला म्हणून सांगीन पुण्यात."

माझ्या कानशिलात काही तरी तडतडलं. मी उभा राहिलो आणि झाडांकडे तोंड करून म्हणालो, "ओ बाई, पाच मिनिटं गप्प राहा ना वं!" बायांनी माझ्याकडे पाहिलं. परका माणूस, त्याचं कशाला ऐकतील? पहिलीने हाक दिली, दुसरीने दिली, आणि तिसरीने, पार्बताबाईंनी, तर मुद्दाम खच्चून दिली. दुसरी हसली.

मी मंगलाचा दंड धरला. हो, धरला. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"सर, तसं नाही करता येत."

"आम्ही एवढ्या लांबून काय हाका ऐकायला आलो? गेटावर गेल्या गेल्या तुमची तक्रार लिहून देतो. गाइड मदत करत नाही म्हणून."

मागच्याच महिन्यात कोणा पाहुण्याने तक्रार केली होती आणि तिला पंधरा दिवस घरी बसवलं होतं, हे मला माहीत होतं. नंदूने सकाळीच चहा पिताना सांगितलं होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते बोललो. माणूस दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर इतका अचूक बोट ठेवतो, त्यासाठी त्याला शिकवणी लागत नाही.

मंगलाने माझ्याकडे पाहिलं, मग वाघिणीकडे. "दोनच मिनिटं," ती म्हणाली. ती उभी राहिली आणि झाडांकडे हात करून पंजा खाली दाबला. थांबा.

पोरगी आपली, गाइड झालेली, तिला जंगल समजतं. बाया गप्प झाल्या.

ती शांतता मला आवडली होती. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे. मोहाची फुलं पडतात त्याचा टप टप आवाज ऐकू येत होता. वाघीण उठली. बांबू बाजूला झाले आणि ती सगळीच्या सगळी उन्हात आली. श्रीकांतराव "ओहोहो" म्हणाले आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. वाघिणीकडे नाही, त्यांच्याकडे. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

ती रस्त्यावर आली तेव्हा समोरच्या दोन गाड्या पुढे सरकल्या, मागची तिरपी झाली. सगळ्यांना तोंड हवं होतं, पाठ नको. तिला जायला वाट उरली नाही. तिने कान मागे पाडले, दात दाखवले, आणि कोणी तरी म्हणालं, "क्या बात है!" एका गाडीचं इंजिन गुरगुरलं. ती वळली आणि दोन झेपांत आमच्या गाडीच्या मागून उजवीकडे, त्या धुरात शिरली.

"गेली," श्रीकांतराव म्हणाले. "पण मिळाली राव, मिळाली."

मग आवाज आला. किंकाळी नव्हती. ओलं गोधडं दगडावर आपटावं तसा, एकदाच. त्यामागून चौथ्या झाडाखालची कौसल्या ओरडायला लागली, आणि तिचं ओरडणं थांबेचना.

मंगलाने गाडीतून उडी मारली. उतरू नका, उतरू नका, असं रोज पाहुण्यांना सांगणारी ती बाई सीटखालचा लोखंडी पाना घेऊन धावत सुटली. नंदूने हॉर्नवर हात दाबून गाडी झाडांत घातली. वाघिणीने पार्बताबाईंची मान धरली होती आणि ती त्यांना ओढत होती. लुगडं सुटून मागे लांबत चाललेलं. एक पाय अजून जमीन खरवडत होता. जाळून काळ्या केलेल्या जमिनीवर पांढरी फुलं आणि त्यांच्यातून ओढल्याची रुंद लाल रेघ. मंगला किंचाळत गेली आणि तिने पाना हाणला, वाघिणीच्या पाठीवर, मग डोक्यावर. बाया टोपली फेकत होत्या, जळके ओंडके फेकत होत्या. वाघीण सोडेना. तिने मान एकदा झटकली आणि काही तरी मोडल्याचं मला गाडीत ऐकू आलं. मग तिने सोडलं, मंगलाकडे पाहून एकदा गरजली आणि निघून गेली.

पार्बताबाई अजून जिवंत होत्या. डोक्याची अर्धी कातडी केसांसकट मागे लोंबत होती. गळ्याला जिथे भोक पडलं होतं तिथून श्वास बुडबुडत होता. मंगलाने मांडी दिली आणि दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. रक्त बोटांतून येत राहिलं, कोपरापर्यंत आलं. म्हातारीचे ओठ हलले. आवाज सगळा गळ्यातूनच वाया जात होता. तिची हाक सगळ्यात मोठी होती.

मी गाडीतून उतरलो नाही. श्रीकांतराव कॅमेरा छातीशी धरून बसले होते.

अर्ध्या तासात गाव आलं. काठ्या, कुऱ्हाडी, हातात सापडेल ते. पहिला दगड काचेवर बसला, काच नंदूच्या तोंडात गेली. त्याला खाली ओढून लाथांनी तुडवलं. मध्ये पडलेल्या वनरक्षकाचं डोकं फुटलं, पंचवीस वर्षांचं असेल ते लेकरू, भिंतीला टेकावं तसं झाडाला टेकून खाली बसलं. समोरची एक गाडी लोकांनी उलटवली, आतली माणसं आधीच पळाली होती. कोणी तरी ओरडत होतं, "जाळा! गाड्या जाळा!" त्या लोकांचा मला तेव्हा राग आला होता, हेही सांगून टाकतो. आता येत नाही.

पार्बताबाईंचा मुलगा देविदास, मंगलाचा नवरा, आईजवळ बसला आणि उठला. हातात कुऱ्हाड. "बुढी हाक देत होती का नाही?" त्याने बायांना विचारलं.

कौसल्या म्हणाली, "आमी सगळ्या देत होतो गा. मंगलानं हात केला. गप्प राहा म्हणून."

देविदास वळला. "कोणं सांगतलं तुले?"

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तेवढ्यात माझं सगळं आयुष्य होतं. बायको, वखार, गच्ची, सगळं. तिने तोंड उघडलं की संपलं, हे मला कळत होतं, आणि मी डोळ्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मीच."

देविदासने तिला मारलं. थप्पड नव्हे, मूठ. ती पडली, उठून उभी राहिली, त्याने पुन्हा मारलं. नाकातून रक्त आलं आणि ते हातावरच्या सासूच्या रक्तात मिसळलं. गावातलं कोणी मध्ये पडलं नाही. मीही नाही. माझ्या तोंडात जीभ होती, ती तशीच राहिली.

पोलीस आले, आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळच्या विमानाने श्रीकांतराव गेले. निघताना म्हणाले, "भयंकर झालं. पण एक फोटो काय आलाय, प्रभाकरराव!" तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे म्हणे. दात दाखवणारी वाघीण. मागे धूसर मोहाचं झाड, आणि झाडाखाली काही तरी हिरवं. मी पुण्याला गेलेलो नाही.

मेलेल्याचं दुःख काळ नेतो म्हणतात. न बोललेल्या वाक्याला मात्र काळ हात लावत नाही, ते होतं तसंच ओलं राहतं. नंदू वर्षा-दोन वर्षांनी एकदा वखारीत आला होता, दातांची वरची फळी खोटी. त्याच्याकडून कळलं. मंगलाचं गाइडचं काम सुटलं. नवरा एकाच घरात राहतो पण तिच्या हातचं खात नाही. ती आता सासूच्या झाडाखाली फुलं वेचते. आणि तिसरी हाक ती देते, पण तिच्या हाकेला ओ मिळत नाही. "पहिली देते, दुसरी देते, मंगला देते, आन मंग चूप," नंदू म्हणाला. "चौथी कौसल्या उत्तरच देत नाही. म्हंते, जिनं हाक बंद केली तिची हाक मी काहून पुढं नेऊ? रोज तितंच तुटून राहिली, भाऊ." म्हणजे पाच बाया त्या रानात असतात आणि तिसऱ्या झाडापुढे त्यांना कुणाचाही पत्ता नसतो. उद्या चौथी गेली तरी कळणार नाही. माझी दोन मिनिटं अजून संपलीच नव्हती.

ते ऐकूनही मी गेलो नाही. दोन उन्हाळे गेले नाही. भित्रा माणूस कारणं शोधायला मोठा हुशार असतो.

यंदा पेचकस भिंतीवर आपटला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बस धरून त्या गावात गेलो. गेटाकडून नाही, गावाकडून. पायी. मोहाचा वास आला. रस्त्यावरून मी नेहमी झाडांकडे पाहिलं होतं, आता झाडांकडून रस्ता पाहत होतो. किती जवळ होता. देविदास पाचोळ्याची आग विझवत होता. मंगलाने मला पाहिलं आणि ओळखलं. नाकाचं हाड तिचं वाकडं बसलं आहे.

"इकडे काहून आले, भाऊ?" ती हळू आवाजात म्हणाली. "जा. जा मांगं."

"तुम्ही माझं नाव काहून नाही घेतलं?" मी विचारलं. चार वर्षं तोच प्रश्न होता.

ती रागावली. "तुमच्यासाठी नाही घेतलं. यायच्या हातात कुऱ्हाड होती. तुमाले तोडलं असतं, हे जेलात गेले असते. एका दिवसात घरातले दोन माणसं घालवू का मी?"

मी देविदासकडे वळलो. बाया कमरा सरळ करून पाहत होत्या, म्हणून मोठ्याने बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिवशी हात करायला मी लावलं होतं. ही नाही म्हणत होती. मी हिचा दंड धरला, तक्रार करतो म्हणालो. वाघ पाहायचा होता मला. हाक मी बंद केली."

देविदासच्या हातात काठी होती. ती त्याने टाकली, आणि मग मारलं. मूठच. चष्मा कुठे गेला कळलं नाही, ओठ दातांवर फाटला. दुसरी बसली तेव्हा मी गुडघ्यावर होतो. तिसरी आली नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि आईच्या नावाने ढसाढसा रडायला लागला. मंगलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. त्यापुढे त्यांच्या घरात काय झालं, मला ठाऊक नाही.

फुलं पडत होती. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. एकेक करून बाया वाकल्या. पहिल्या झाडाखालून हाक आली, दुसऱ्या झाडाखालून आली. मंगलाने टोपलं खाली ठेवलं आणि हाक दिली, "होऽऽ".

चौथं झाड गप्प.

रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली होती. मला चष्म्याशिवाय धूसर दिसत होतं, तरी टोप्या दिसल्या आणि लांब भिंग दिसलं. त्यातला एक माणूस उभा राहिला, आमच्याकडे वळला आणि ओठांवर बोट ठेवून चिडून म्हणाला, "शूऽऽ! चूप बैठो ना!"

कौसल्या सरळ झाली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने त्या माणसाकडे पाहिलं. मग जमिनीवर रक्त थुंकणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, मग मंगलाकडे. आणि तिने छाती भरून अशी हाक दिली की नाल्यापलीकडची वानरं उठली.

लगेच पाचवीने दिली. मग पुन्हा पहिलीने.